मंगलाष्टकांतली गिरणी

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. घरात प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठत जातात, आणि एक दिवस कपाटाचं दार उघडलं की सगळे मिळून अंगावर येतात. आमच्या घरात त्यांची आवक जरा जास्तच झाली, कारण माझ्या नवऱ्याने कॅसेट काढली.

विश्वास लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, मी तिथेच बायोलॉजी. भूकंपाला काही वर्षं होऊन गेली होती आणि गावात क्लासचं पीक जोरात होतं. क्लासशेजारी होस्टेल, होस्टेलशेजारी मेस. पोरांच्या तोंडी मार्कांशिवाय दुसरा विषय नाही, आणि त्यांच्या बापांच्या तोंडी तर नाहीच नाही. अशा गावात ध्वनीचा धडा शिकवता शिकवता माझ्या नवऱ्याला वाटलं, की आपण ओव्यांची कॅसेट काढावी. पण तबला नको, पेटी नको. वाद्यांच्या जागी आपल्या भागातले खरेखुरे आवाज, आणि मधे मधे लोकांचं बोलणं, जसं असेल तसं.

"ऐकणार कोण?" मी विचारलं.

"प्रयोग आहे," तो म्हणाला. म्हणजे कुणी नाही.

या प्रयोगात त्याचे भागीदार दोन. एक नसीरभाई. गंजगोलाईच्या बाजारामागे त्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, पण खरी हौस बोलण्याची. दुसऱ्या शेवंतामावशी. त्यांचं गाव भूकंपात गेलं, मग त्या लातूरला मुलाकडे आल्या आणि आमच्या गल्लीतल्या मेसमध्ये पोळ्या लाटायला लागल्या. लाटता लाटता ओव्या म्हणायच्या. मेसमधली पोरं त्या ओव्यांवर पाठांतर करायची. आणि चौथी मी, जिला कुणी भागीदार केलं नव्हतं, पण चहा माझ्याकडेच होता.

* * *

पहिला आवाज विश्वासने क्लासमध्येच पकडला. त्याला पानं उलटण्याचा आवाज हवा होता, हॉलभर पोरांनी एकदम उलटलेल्या पानांचा. त्याने सांगितलं, कुणी बोलायचं नाही, पुस्तक उघडा आणि मी हात वर केला की पान उलटा. लातूरची पोरं. सर म्हणाले की करायचं, कशाला ते विचारायचं नाही. अख्खा तास नुसती पानं उलटली.

शेवटी एक मुलगा उभा राहिला. "सर, हे कोणत्या चॅप्टरमधी येतंय?"

"कुठल्याच नाही," विश्वास म्हणाला. मुलाने तेही लिहून घेतलं.

पुढच्याच आठवड्यात समोरच्या क्लासने मोठा बोर्ड लावला, 'आमच्याकडे सायलेंट रिव्हिजनची खास पद्धत'. आणि आमच्या संचालकांनी विश्वासला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. तासभर पोरांना काही शिकवलं नाही, हे त्यांच्या कानावर गेलंच असणार.

संचालकांनी दार लावून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "सर, आपली पद्धत तिकडं फोडली कुणी?"

* * *

मग उदगीरचा मोंढा. धान्याचे ढीग, ढिगांभोवती अडते आणि व्यापारी, आणि लिलाव पुकारणाऱ्याचा तो चढत जाणारा सूर. विश्वासच्या मते हे गाणंच आहे, फक्त त्यांना कुणी सांगितलेलं नाही. तो मायक्रोफोन धरून उडदाच्या एका ढिगापाशी उभा राहिला, नसीरभाई खांद्याला टेप अडकवून त्याच्या मागे.

सूर चढला तशी आमच्या माणसाची मान डोलायला लागली. मोंढ्यात मान हलवणं म्हणजे काय, हे उदगीरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, पण फिजिक्सच्या पुस्तकात ते नाही. पुकारणारा याच्याकडे बघून आणखी रंगात आला. हा आणखी डोलला. शेवटच्या पुकाऱ्याला याने डोळे मिटून अशी काही दाद दिली, की ढीग आमच्या नावावर झाला.

नसीरभाईंनी पुष्कळ समजावलं, की हे गाण्याचे लोक आहेत, सौद्याचे नाहीत. अडत्याने शांतपणे विचारलं, "मान हलिवली का न्हाई? मंग झालं की."

उडीद टेम्पोने घरी आला. त्या वर्षी आमच्याकडे जो आला त्याला उडदाचं घुटं वाढलं, जो निघाला त्याला पिशवी बांधून दिली. शेवटी शेवटी लोक येईनासे झाले. मी भडकले होते. खोटं कशाला सांगू, चार दिवस मी विश्वासशी फक्त उडदासंबंधीच बोलत होते.

नसीरभाई मात्र खूश. "भाभी, सौदा बुरा नै," ते म्हणाले. "गाना बी आया, दाल बी आयी."

* * *

विश्वासला मग शांतता हवी झाली. लातूरमध्ये ती मिळत नव्हती. इथे झोपेतही पोरं फॉर्म्युले म्हणतात. म्हणून दोघं नांदेडला गेले, तिथून रेल्वेने किनवटला आणि पुढे जंगलात. भर दुपारी एका सागाखाली टेप लावून विश्वास लांब जाऊन बसला, कारण त्याच्या श्वासाचाही आवाज नको होता. टेपजवळ राखणीला नसीरभाई. त्यांना सक्त ताकीद, एक शब्द बोलायचा नाही.

घरी येऊन कॅसेट ऐकली. सुरुवातीला खरंच शांतता होती. पान पडल्याचा आवाज, लांबवर एक पक्षी. मग अगदी मायक्रोफोनला तोंड लावून कुजबुज, "या अल्ला, कित्ता सन्नाटा है." थोड्या वेळाने पुन्हा, "कित्ता सन्नाटा है जी." कॅसेट संपेपर्यंत जंगलात दुसरं काही घडलं नाही.

विश्वास डोक्याला हात लावून बसला. मी मात्र हसून हसून बेजार. मग दुसऱ्या दिवशी त्याने ती पुन्हा ऐकली, तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि म्हणाला की शांतता ही अशीच ऐकू येते, कुणीतरी सांगितल्यावर. तो तुकडा अख्खा कॅसेटमध्ये गेला.

नसीरभाईंची अट एकच होती. कव्हरवर त्यांचं नाव दुरुस्तीखाली नको, गायकांत हवं.

* * *

शेवंतामावशींच्या ओव्या नसीरभाईंच्या दुकानात भरायचं ठरलं. मागच्या खोलीला गोधड्या टांगून स्टुडिओ केला. मावशी आल्या, मायक्रोफोनकडे बघितलं आणि गप्प बसल्या. सूर निघेना.

"हात रिकामे असल्यावर कसं व्हायचं?" त्या म्हणाल्या. "परात आणा."

परात आली, पीठ आलं, मावशी मळायला लागल्या आणि ओवी आपसूक सुरू झाली. मळताना एक चाल, लाटताना दुसरी. विश्वास आनंदाने वेडा व्हायचा बाकी होता. पण लाटलेल्या पोळ्यांचं करायचं काय? म्हणून स्टोव्ह आला, तवा आला. इकडे मेसमध्ये जेवणाची वेळ झाली आणि मावशींचा पत्ता नाही. पोरं शोधत शोधत दुकानापाशी आली आणि ताटं घेऊन बाहेरच बसली.

एक ओवी फार सुंदर झाली, पण मधेच स्टोव्ह भडकला. विश्वास हात जोडून म्हणाला, "मावशी, हीच एकदा परत म्हणा."

मावशींनी परात उपडी करून दाखवली. "पीठ सरलं, सर. ओवी कुठून आणू?"

जाताना मात्र त्या दारात थांबल्या. म्हणाल्या, "समदे आवाज भरायलेत तुम्ही. आमच्या गावची गिरणी न्हाई व्हय त्यात?"

* * *

आता गिरणीचं सांगायला हवं. जुन्या गावांत पिठाची गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची आणि इंजिनाच्या धुराच्या नळीवर एक मडकं किंवा डबा बसवलेला असायचा. इंजिन सुरू झालं की त्यातून पुक-पुक, पुक-पुक आवाज अख्ख्या शिवारात जायचा. तो ऐकला की बाया दळणाचा डबा डोक्यावर घेऊन निघायच्या. दवंडी नको, काही नको.

विश्वास अशा गिरण्या शोधत फिरला. एकेक आवाज आणून तो मावशींना ऐकवायचा आणि मावशी प्रत्येकीला नावं ठेवायच्या. एक म्हणे सासुरवाशिणीसारखी दबकत बोलते. एक म्हणे उगंच खेकसते. "आमची कशी, चालता चालता ठेच लागल्यागत मधीच अडायची, मंग पुन्हा निघायची."

पण ती कुठून आणणार? ती गावाबरोबर गेली होती.

तेव्हा नसीरभाईंनी हातातली दुरुस्ती बाजूला ठेवली. मग स्टुलावर चढून फळीवरच्या धुळीतून त्यांनी एक कॅसेट काढली. लग्नाची. भूकंपाच्या आधी मावशींच्याच गावचा एक माणूस ती घेऊन आला होता. ऐन मंगलाष्टकांत मागे गिरणीची पुक-पुक आलीय, तेवढी काढून द्या, म्हणून. नसीरभाईंनी सांगितलं होतं, "आठ दिवसांनी या." त्यानंतर कुणी आलं नाही.

कॅसेट लावली. मंगलाष्टकं, भटजींचा किनरा आवाज, माइकवर पडणाऱ्या अक्षतांची टपटप. आमच्या भागात अक्षता ज्वारीच्या, त्यामुळे टपटप चांगली ऐकू येते. आणि या सगळ्याच्या मागे, मधेच अडखळत, पुक-पुक, पुक-पुक.

ज्यांना लग्न हवं होतं त्यांना गिरणी नको होती. आता आम्हाला गिरणी हवी होती आणि लग्न काढायचं होतं. विश्वास तसं बोललाही. मावशी म्हणाल्या, "नका काढू. लग्नाचंच दळण दळायली ती. आहे तसं ऱ्हाऊ द्या." मग पदर डोक्यावर घेऊन त्या मेसला निघून गेल्या. त्या दिवशी मेसच्या पोळ्या करपल्या होत्या, आणि एकाही पोराने तक्रार केली नाही.

* * *

मावशींनी गावात निरोप पोचवला असणार, कारण पुढच्या बाजाराच्या दिवशी गिरणीवाले अप्पा दुकानात आले. उंच, वाळके, भुवया कायम पिठाने पांढऱ्या. भूकंपात त्यांची गिरणी गेली आणि बायको गेली, रुक्मिणबाई. नव्या वसाहतीत त्यांनी पुन्हा गिरणी टाकली, पण विजेची. तिला आवाजच नाही. लाईट कधी येईल याचा नेम नाही, आणि आली तरी गिरणी चालू झाल्याचं कुणाला कळत नाही. बाया डबा घेऊन येतात तर लाईट गेलेली. शेवटी निम्म्या बायांनी दळण बाहेरगावी धाडायला सुरुवात केली होती.

अप्पा त्याबद्दल बोलायला आले नव्हते. त्यांनी कॅसेट ऐकली आणि एकच विचारलं, "हिच्यात आमच्या घरचीचा आवाज हाय का?"

मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं. त्या लग्नात पंगतीचं पीठ कमी पडलं म्हणून ऐन मुहूर्ताला मांडवासमोरची गिरणी चालू होती. मंगलाष्टकं ऐकू येईनात. रुक्मिणबाई मांडवात तरातरा पुढे आल्या, माइकच्या बाजूलाच उभ्या राहून सगळ्यांदेखत नवऱ्यावर ओरडल्या, बंद करा म्हणून. "म्या न्हाई केली बंद," अप्पा म्हणाले. "हासलो नुसता. समदा मांडव हासला. तिनं चार दिवस अबोला धरला."

रुक्मिणबाईंचा आवाज दुसरा कुठेच नव्हता. फोटो एक होता, रेशन कार्डावरचा.

कॅसेट पुन्हा लावली. आणि नेमकी तीच जागा खराब होती. फीत चुरगळलेली, वर बुरशी. भटजी बोलता बोलता पाण्यात बुडाल्यासारखे व्हायचे, मग नुसती खरखर, मग थेट पुढचं कडवं.

अप्पा उठायला लागले. नसीरभाईंनाच राहवेना. "अप्पा, फिकर नक्को. मैं तो मरे हुए को बी बुलवा देता..." आणि जीभ चावून तिथेच थांबले.

पुढे अप्पा दर बाजारी यायचे. ज्वारीच्या पिठाची पुडी टेबलावर ठेवायचे, बाकावर बसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. झालं का, असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं नसीरभाई म्हणायचे. ते फीत पुसत होते, इस्त्रीला लावत होते, कसल्या कसल्या मशिनींवर चालवून बघत होते. जमतंय का, हे त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही. शेवटी कॅसेट तयार झाली तेव्हा एवढंच म्हणाले, "दुसरी साइड गाव में सुनना. याँ नै."

* * *

कॅसेटचं प्रकाशन अप्पांच्या गावात, म्हणजे नव्या वसाहतीत ठेवलं. सरळ रांगांतली एकसारखी घरं. शाळेच्या पटांगणात मांडव, खांबावर भोंगा. समोरच अप्पांच्या गिरणीचं शटर. लाईट होती, हेच मुळात विशेष.

विश्वासने भाषण केलं. लोकांनी ते सोसलं. भूकंपानंतर त्यांनी इतकी भाषणं ऐकली होती, की त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मग पहिली साइड लावली. पानं उलटली गेली, कुणी हललं नाही. उदगीरच्या लिलावाला चार म्हातारे हसले. नसीरभाईंच्या सन्नाट्याला खरोखरच सन्नाटा पसरला. शेवंतामावशींच्या ओव्यांना बायांनी माना हलवल्या, आणि तेवढ्यावर विश्वास तरंगायला लागला.

साइड बदलली. भोंग्यातून आवाज आला, पुक-पुक, पुक-पुक. मधेच अडला. पुन्हा निघाला.

एक बाई उठली आणि निघून गेली. मग तिच्या शेजारची. मग मागची अख्खी रांग. पदर सावरले आणि चालू पडल्या. बघता बघता बायांची बाजू रिकामी झाली. शेवंतामावशीही गेल्या. विश्वासचा चेहरा मला बघवेना. आपण यांची जखम उघडी केली, असं मला वाटलं, आणि मला फार वाईट वाटलं. मी त्याला म्हणाले, बंद कर. तो उठलाही.

तेवढ्यात घरांच्या रांगांमधून बाया परत यायला लागल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर दळणाचा डबा.

पटांगण ओलांडून त्या सरळ गिरणीपुढे गेल्या आणि ओळीने उभ्या राहिल्या. शेवंतामावशींनी वसाहतीतल्या भाच्याच्या घरातून डबा उचलून आणला होता आणि पहिला नंबर धरला होता. अप्पा खुर्चीवरून उठले. एकदा भोंग्याकडे बघितलं, एकदा त्या ओळीकडे, आणि जाऊन शटर वर केलं. बटण दाबलं. विजेची गिरणी घरघरायला लागली. भोंग्यातून जुनी वाजत होती आणि खाली नवी चालत होती.

भोंग्यात मंगलाष्टकं सुरू झाली. भटजींचा आवाज बुडायला लागला, खरखर आली. नसीरभाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि त्या खरखरीतून, अगदी स्वच्छ, एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"अवो, बंद करा की ती गिरणी! लागू द्या की पोरीचं लगीन!"

अप्पांनी गिरणी बंद केली.

बटणावर हात तसाच ठेवून ते उभे राहिले. ओळीतली एकही बाई हलली नाही. मांडवातले गडी एकेक करून उठून उभे राहिले, टोप्या सारख्या केल्या. भोंग्यातलं इंजिन काही थांबलं नाही, ते आपलं पुक-पुक करत होतं. कडवं संपत आलं. शेवंतामावशींनी डोक्यावरचा डबा खाली घेतला आणि झाकण उघडलं. "शुभमंगल सावधान" आलं तशी मूठभर ज्वारी काढून त्यांनी समोर उडवली. मग मागचीने. मग सगळ्यांनी.

मंगलाष्टकं संपेपर्यंत हे चाललं. अप्पांच्या डोक्यावर, खांद्यावर ज्वारीच ज्वारी. त्यांनी ती झटकली नाही. कॅसेट संपून भोंगा नुसता सुंसुं करायला लागला, तेव्हा त्यांनी पुन्हा बटण दाबलं आणि विचारलं,

"हं. पहिला डबा कुणाचा?"